पी.टी.च्या तासाला बाद कोण होतं?

परळ, भोईवाडा, लालबाग या पट्ट्यातल्या प्राथमिक शाळांमधल्या खेळांचा विषय काढला की समोरून ठरलेलं उत्तर येतं : 'जागाच कुठे आहे?' उत्तर खोटं नाही. इथल्या कित्येक शाळांचं मैदान म्हणजे फाटक आणि जिना यांच्यामधली फरसबंद जागा, आणि तिच्याही अर्ध्या भागात उभ्या केलेल्या दुचाकी. पण या उत्तराची एक सोय आहे. ते दिलं की पुढचा प्रश्न विचारायची गरजच उरत नाही. पुढचा प्रश्न असा, की जेवढी जागा आहे आणि वेळापत्रकात जेवढ्या तासिका आहेत, तेवढ्यात वर्गातल्या चाळीस मुलांपैकी किती जणांना घाम येतो? ही मोजणी कुणी केली, तर माझ्या मते असं दिसेल की पहिली ते पाचवीच्या शारीरिक शिक्षणातली मोठी अडचण जागेची नाही, निवडीची आहे. ज्या वयात प्रत्येक मुलाला पळायला, उडी मारायला, तोल सांभाळायला, झेलायला आणि फेकायला शिकवायचं, त्या वयात आपण त्यांच्यातून संघ निवडतो. आणि निवड म्हटली की बहुतेक मुलं बाहेर बसणार, हे ओघानंच आलं.

एकेकाळी शाळेनं असं केलं तरी फारसं बिघडत नसे. मुंबईत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची सुरुवात १९२५ साली एफ आणि जी या वॉर्डांत झाली, म्हणजे गिरणी कामगारांच्या वस्तीतच. त्याच वर्षी दादरला श्री समर्थ व्यायाम मंदिर उभं राहिलं, हा योगायोग मोठा बोलका आहे. कामाची वाटणीच तशी होती : शाळेनं अक्षरं आणि पाढे सांभाळायचे, शरीराचं वस्तीनं पाहायचं. कामगार मैदान, नरे पार्क ही नावं आज सभा आणि गणेशोत्सवामुळे लक्षात आहेत. पण गिरणगावात मोकळी जागा दिसली की तिथे कबड्डीची आखणी व्हायचीच. गिरण्यांचे स्वतःचे संघ होते, मंडळांच्या व्यायामशाळा होत्या, १९५३च्या कायद्यानं स्थापन झालेल्या कामगार कल्याण मंडळाची केंद्रं होती. लहान मुलांसाठी चाळीचा चौक आणि मागची गल्ली पुरे होती. लगोरी, डबा ऐसपैस, विषामृत, लंगडी यांना ना शिक्षक लागायचा ना साहित्य. शिवाय गल्लीला लहानग्यांची सोय करता येत असे. धाकटं भावंड मागे लागलं की त्याला 'कच्चं लिंबू' म्हणून खेळात घेत. ते पळायचं, ओरडायचं, पकडलं जायचं. फक्त त्याच्यावर राज्य येत नसे. शारीरिक शिक्षणाच्या कुठल्याही पुस्तकात शोभेल असा हा नियम चाळीतल्या पोरांनी आपापसांत ठरवलेला होता. गल्लीचं फार कौतुकही करायला नको. मुलगी आठ-नऊ वर्षांची झाली की तिला पाणी भरायला आणि धाकट्याला सांभाळायला घरात बोलावलं जायचं, आणि गल्लीतली दादागिरी कमी नव्हती. पण बहुसंख्य मुलांचं बालपण हालचालीत जात होतं, एवढं खरं.

ती वस्तीच बदलली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतरच्या वर्षांत गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. त्यांच्या जमिनी, सगळ्या मिळून सुमारे ६०० एकर, हा मुंबईला मोकळी जागा मिळवण्याचा शेवटचा मोठा मोका होता. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत ढोबळमानानं एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेली मालकाला, अशी वाटणी होती. २००१च्या दुरुस्तीनं ही वाटणी फक्त मुळात रिकाम्या असलेल्या भागाला लागू केली. गिरणीची शेड जिथे उभी होती ती जमीन हिशेबातून वगळली गेली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती कायम ठेवली. परिणाम परळच्या कुठल्याही पुलावरून दिसतो. शहरात माणशी सव्वा चौरस मीटरच्या आसपास मोकळी जागा आहे, असं नव्या विकास आराखड्याच्या वेळी सांगितलं जात होतं. एका माणसाला नीट आडवं होता येईल, इतकीच ती जागा. पुनर्विकासात चाळीचा चौक जाऊन पोडियम आला. पोडियमवर मुलांना खेळायला मनाई नसते म्हणा, पण मोटारींना चेंडू लागेल म्हणून ओरडणारं कुणीतरी तिथे असतंच. राहिलेल्या चाळींच्या गल्ल्यांत वाहनं उभी आहेत. म्हणजे जे काम वस्ती फुकट करत होती, ते आता कुणी करायचं हा प्रश्न आहे, आणि सगळी मुलं जिथे रोज ठरल्या वेळी जमतात अशी एकच जागा उरली आहे : शाळा.

आता ती शाळा काय करते ते जवळून पाहू. पी.टी.ची तासिका समजा पस्तीस मिनिटांची. वर्ग रांगेत जिना उतरून खाली यायला पाच मिनिटं, 'एक हात अंतर' घेऊन उभं राहायला आणि सावधान-विश्राम करायला आणखी पाच. मग खेळ. रिले असेल तर वीस-वीस मुलांच्या दोन रांगा. प्रत्येकाची धाव दहा सेकंदांची आणि तिच्यासाठी तीन मिनिटं ताटकळणं. चेंडू मारून बाद करायचा खेळ असेल, तर जो सगळ्यात हळू पळतो तो पहिल्या मिनिटाला बाद होऊन भिंतीला टेकतो. संगीत खुर्चीतही तेच. ज्या मुलाला हालचालीची सर्वांत जास्त गरज आहे, त्याला सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त वेळ बसवून ठेवायची ही पद्धत आहे, आणि ती इतकी अंगवळणी पडली आहे की कुणाला खटकत नाही. असं बसणारं मूल वर्षभरात एक गोष्ट मात्र पक्की शिकतं : खेळ आपल्यासाठी नाही. पुढे बारा-तेराव्या वर्षी ते 'मला पी.टी. आवडत नाही' म्हणतं, तेव्हा आपण त्याला आळशी ठरवतो.

याचा उपाय आपल्याच खेळांत आहे, हे विशेष. कबड्डी आज आपण टीव्हीवर पाहतो ती तिच्या जुन्या तीन प्रकारांपैकी एका प्रकारातून घडलेली आहे. संजीवनीत बाद झालेला गडी समोरचा गडी बाद झाला की जिवंत होऊन परत येतो. आजची कबड्डी मुख्यतः याच नियमावर चालते. गामिनीत बाद झालेला गडी आख्खा संघ बाद होईपर्यंत बाहेर राहतो. आणि तिसरा प्रकार अमर : यात गडी बाद झाला तरी मैदानातच राहतो, समोरच्या संघाला फक्त गुण मिळतो. जुन्या खेळाडूंना यातला कुठला प्रकार जास्त कसदार वाटायचा हा वेगळा विषय. आठ वर्षांच्या मुलासाठी मात्र अमरला तोड नाही. चुरस तीच, गुण तेच, पण बसायचं कुणीच नाही. विषामृतही याच जातीचं. ज्याला 'विष' मिळालं तो जागीच थिजतो आणि सवंगड्यानं 'अमृत' दिलं की पुन्हा सुटतो. साखळीत तर पकडला गेलेला मुलगा पकडणाऱ्याचाच हात धरून धावू लागतो. खेळ कितीही रंगला तरी धावणाऱ्यांची संख्या तेवढीच राहते. हे सगळे खेळ परळच्या आजी-आजोबांना पाठ आहेत. बालभारतीनं प्राथमिक इयत्तांसाठी काढलेल्या 'खेळू, करू, शिकू' या पुस्तकाचं नावसुद्धा क्रम बरोबर सांगतं, आधी खेळू. अडतं ते शाळेच्या जिन्यावर.

ही निवडीची आणि रांगेची सवय कुठून आली? दोन वाटांनी. पहिली वाट कवायतीची. १९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं, तेव्हा शारीरिक शिक्षणाचा विचार करायला स्वामी कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि १९३८ साली कांदिवलीला शिक्षक घडवणारी संस्था सुरू झाली. सुरुवात चांगली होती. स्वातंत्र्यानंतर मात्र शिस्तीचा विचार वरचढ ठरला. आझाद हिंद फौजेतले सेनानी जगन्नाथराव भोसले यांनी १९५४ साली सुरू केलेली राष्ट्रीय शिस्त योजना ही फाळणीनं उखडलेल्या मुलांसाठी आखलेली होती आणि त्या मुलांना तिचा उपयोगही झाला असेल. पण समूह कवायत हेच शारीरिक शिक्षण, ही समजूत देशभर पसरायला अशा योजनांनी हातभार लावला. सरकारी योजना केवळ शारीरिक क्षमतेवर भर देतात आणि या विषयाच्या शैक्षणिक मोलाकडे दुर्लक्ष करतात, अशी तक्रार १९६४-६६च्या कोठारी आयोगानंच केली होती. एकाच ठेक्यावर हात वर करणारी चारशे मुलं प्रजासत्ताक दिनाला सुंदर दिसतात, पण त्यात पाहणाऱ्याची सोय जास्त असते आणि करणाऱ्याची कमी.

दुसरी वाट ढालींची, आणि ती खास मुंबईची. हॅरिस शील्ड आणि जाइल्स शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धांनी भारताला किती फलंदाज दिले ते सांगायला नको. फेब्रुवारी १९८८मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात दादरच्या शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली; शारदाश्रमनं २ बाद ७४८वर डाव सोडला. मुंबईकराला हा आकडा तोंडपाठ असतो. पुढचा फलंदाज म्हणून अमोल मुझुमदार पॅड बांधून बसला होता आणि त्याची पाळी आलीच नाही, हेही सगळ्यांना माहीत असतं. निवडीच्या खेळाचं याहून नेमकं चित्र मिळणार नाही : संघात निवडलेल्या अकरांतसुद्धा खेळले चार. स्पर्धेच्या क्रिकेटमध्ये हे न्याय्यच आहे, आणि मुझुमदारनं पुढे आपली कर्तबगारी दाखवलीच. घोटाळा होतो तो हायस्कूलच्या ढालीचं हे तर्कशास्त्र तिसरीच्या वर्गापर्यंत खाली उतरतं तेव्हा. शाळेच्या कपाटातल्या ढाली मोजून 'आमच्याकडे खेळाला फार उत्तेजन आहे' असं सांगितलं जातं, आणि ढालीशी ज्यांचा कधी संबंध आला नाही अशा शेकडो मुलांबद्दल कुणी काही विचारत नाही.

कायद्यानंही या वयाकडे पाठच फिरवली आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान हवं आणि प्रत्येक वर्गाला खेळाचं साहित्य हवं असं म्हटलं आहे. आरोग्य आणि शारीरिक शिक्षणासाठी निदेशकाची तरतूद मात्र सहावी ते आठवीसाठी आहे, तीही अर्धवेळ आणि शंभरहून अधिक मुलं असतील तर. पहिली ते पाचवीसाठी अशी तरतूद नाही. म्हणजे तोल, झेप आणि फेक यांचा पाया ज्या वयात पडतो ते वय वर्गशिक्षकाच्या भरवशावर, आणि पाया कच्चा राहिल्यावर वरच्या इयत्तेत निदेशक. हे असं कशासाठी केलं असेल ते मला खरोखर कळलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी असं सांगते. २०१६पर्यंतच्या आकडेवारीवरून तिनं काढलेल्या निष्कर्षानुसार, जगातल्या ११ ते १७ वयाच्या मुलामुलींपैकी ८१ टक्क्यांना ती मिळत नव्हती. मुलग्यांत हे प्रमाण ७८ टक्के, तर मुलींत ८५. भारतात ते चौऱ्याहत्तरच्या आसपास निघालं, म्हणजे जगापेक्षा थोडं बरं. पण चारातल्या तीन मुलांना पुरेशी हालचाल नाही, यात समाधान मानण्यासारखं काय आहे?

पालकांचा आक्षेप ठाऊक आहे : आधीच अभ्यास होत नाही, त्यात खेळाला वेळ वाढवला तर शिष्यवृत्तीचं काय? हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये. ज्या घरात शिक्षण हीच एकमेव मिळकत आहे, त्या घरानं असं विचारायलाच हवं. सुदैवानं याची परीक्षा झालेली आहे. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १९७०च्या दशकात सुमारे पाचशे प्राथमिक विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. काही मुलांना रोज एक तास जादा शारीरिक शिक्षण दिलं आणि त्यासाठी इतर विषयांचा वेळ १३-१४ टक्क्यांनी कापला. पहिल्या वर्षी ही मुलं किंचित मागे होती. पुढे त्यांचे गुण इतरांच्या बरोबरीला आले आणि थोडे वरही गेले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं २०१० साली अशा ५० अभ्यासांचा आढावा घेतला. शारीरिक हालचाल आणि अभ्यासातली प्रगती यांच्यातले निम्मे संबंध अनुकूल निघाले, जवळपास निम्म्यांत काहीच फरक दिसला नाही, आणि प्रतिकूल होते ते दोन टक्क्यांहूनही कमी. यावरून खेळलं की गणित येतं, असा प्रचार काहीजण करतात. तो मला पटत नाही. 'फरक नाही' असं सांगणारे निम्मे निष्कर्ष बाजूला सारायचे कसे? पण खेळामुळे अभ्यास बुडतो हे म्हणणं त्याहून कितीतरी कमकुवत आहे, एवढं निश्चित. आणि फायदा अभ्यासातच मोजायचा हट्ट का? चीनमधल्या ग्वांगझोऊ शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं उघड्यावर जादा वेळ दिला. तीन वर्षांनी लांबचं न दिसण्याचा दोष या मुलांपैकी ३०.४ टक्क्यांत आला, आणि नेहमीच्या शाळांतल्या ३९.५ टक्क्यांत. चीनमध्ये हा दोष आपल्यापेक्षा फार जास्त आहे, हे धरूनही दहा बाय दहाच्या खोलीत मोबाइलवर वाढणाऱ्या मुलांच्या आईबापांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

जागेचा आक्षेप आता पुन्हा घेऊ, कारण तो खरा आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवं. बॅडमिंटनचं मैदान सुमारे ८२ चौरस मीटरचं, आणि त्यावर जास्तीत जास्त चार माणसं. महिलांच्या कबड्डीचं मैदान १२ बाय ८ मीटर, म्हणजे ९६ चौरस मीटर, आणि त्यावर चौदा जणी. जवळपास तेवढ्याच जागेत तिपटीहून जास्त माणसं. आपले खेळ दाटीवाटीत जन्मले आणि दाटीतच वाढले, त्यांना ना जाळं लागतं ना गवत. अमर कबड्डीचे दोन चौकोन खडूनं आखले, तर एका लहानशा शाळेच्या अंगणात अठ्ठावीस मुलं एकाच वेळी खेळू शकतात, आणि उरलेल्या बारांची लंगडी कोपऱ्यात चालू शकते. फरशीवर कबड्डीत पाडापाडी नको, हे खरं. तिथे धरपकड काढून टाकून नुसता स्पर्श ठेवावा. एकच इमारत सकाळी एका विभागाला आणि दुपारी दुसऱ्याला, हीसुद्धा मुंबईतली अडचण आहे, आणि ऑक्टोबरच्या दुपारी उन्हात मुलांना पळवा असं कुणी म्हणणार नाही. पण स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या एका प्राथमिक शाळेनं २०१२ साली सुरू केलेला उपक्रम पाहण्यासारखा आहे. मुलं रोज पंधरा मिनिटं, आहेत त्याच कपड्यांत, शाळेभोवती धावतात किंवा चालतात. नंबर नाही, बाद नाही. तिकडे अडचण पावसाची आणि थंडीची, इकडे उन्हाची. पंधरा मिनिटं सावली धरून कुठेही सापडतात. यानं मैदानाची मागणी सोडून द्यावी असं मात्र नाही. गिरण्यांच्या जमिनीतून जे मिळायला हवं होतं ते मिळालं नाही, म्हणून जी मैदानं उरली आहेत ती शाळांना सकाळी नियमानं मिळावीत आणि उत्सवाचे मांडव वेळेवर उतरावेत, एवढं वॉर्ड ऑफिसकडे मागायला हरकत नाही.

शिक्षक म्हणतील, निवडणुकीच्या याद्या आम्ही करायच्या, खिचडीचा हिशेब आम्ही ठेवायचा, आता पी.टी.ही आम्हीच घ्यायची? तक्रार रास्त आहे, आणि प्राथमिकला खास शिक्षक मिळाला तर सोन्याहून पिवळं. तोवर काय? डी.एड.च्या अभ्यासक्रमात शारीरिक शिक्षण असतंच, आणि साखळी किंवा विषामृत खेळवायला पदवी लागत नाही. लागते ती दोन गोष्टींची मोकळीक. पहिली, ही तासिका गणिताच्या सरावासाठी कुणी उचलून नेणार नाही, हे मुख्याध्यापकांनी ठरवून टाकणं. दुसरी, आवाजाबद्दल कुणी जाब विचारणार नाही. शांत पी.टी.चा तास ही आपल्याकडे शिस्तीची खूण मानली जाते. खरं तर त्या तासाला मुलं हललेली नसतात.

मग स्पर्धा नकोतच का? नकोत असं मी म्हणत नाही. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. असे खेळाडू निवडीशिवाय तयार होत नाहीत. ज्यांच्या घरी पैसे आहेत ते सातव्या वर्षीच शिवाजी पार्कात क्रिकेटच्या कोचिंगला मुलं पाठवतात, त्यांनाही कुणी अडवू शकत नाही. पण निवड करायची तर ती मोठ्या ढिगातून करावी, आणि तो ढीग प्राथमिक शाळेतच तयार होतो. परळच्या एखाद्या वर्गातली चाळीसच्या चाळीस मुलं चौथीपर्यंत नीट लंगडी घालायला, दिशा बदलून पळायला आणि चेंडू झेलायला शिकली, तर सहावीत निवडकर्त्यापुढे चाळीस जण उभे राहतील. आज उभे राहतात ते ज्यांना आधीच घरून किंवा गल्लीतून काही मिळालं ते सात-आठ. वार्षिक क्रीडा महोत्सवात पहिली ते पाचवीसाठी लिंबू-चमचा आणि पोत्यांची शर्यत ठेवावी, भरपूर हसावं, आणि पहिला-दुसरा-तिसरा हा मंच फक्त पाचवीच्या पुढच्यांसाठी बाहेर काढावा. पदकांचे पैसे वाचले तर त्यातून खडू, दोऱ्या आणि वीस-पंचवीस रबरी चेंडू येतात. पंचवीस मुलांच्या हातात पंचवीस चेंडू असले की झेलायला शिकायला रांग लागत नाही.